लाल्लीची लोकर

साल्वरच्या डोळ्यांबद्दल आमच्या खाडीत दुमत नव्हतं. मासळीच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं ती दिव्याच्या टेबलावर होती. काचेखाली दिवा, काचेवर कॉड माशाची तुकडी, आणि त्या तुकडीत कुठेतरी वेटोळं करून बसलेला केसाएवढा किडा. बाकीच्या बायका तुकडी दोनदा उलटून बघायच्या. साल्वर एकदाच बघायची, सुरीचं टोक घालायची आणि किडा बाहेर. मुकादम म्हणायचा, "साल्वरच्या टेबलावरून किडा सुटला, तर मी तो सगळ्यांसमोर खाईन." बिचाऱ्यावर ती वेळ कधी आली नाही.

आणि फान्नेला सातवीपासून चष्मा. जाड, बाटलीच्या बुडासारखा. तो काढला की तिला दारामागे टांगलेला कोट आणि स्वतःचा नवरा यांतला फरक कळायचा नाही.

तरी लाल्ली दिसला तो फान्नेला.

लाल्ली म्हणजे किनाऱ्यावरचं जनावर. मेंढीएवढं, बुटकं, अंगभर शिंपल्यांचं चिलखत. चालायला लागलं की शिंपले एकमेकांवर खळखळ वाजतात. एकटंदुकटं माणूस दिसलं की त्याला पाण्याकडे रेटत नेतं. मेंढ्यांच्या कळपात शिरलं की कोकरं अवेळी होतात आणि मरतात. पश्चिम खाड्यांमधल्या प्रत्येक घरात कुणाच्या तरी आजोबांनी तो पाहिलेला असतो. पण आजोबा मेलेले असतात. फान्ने जिवंत होती, चांगली ठणठणीत होती, आणि विचारल्याशिवायही सांगत होती.

त्या डिसेंबरात दोघी सतरा वर्षांच्या होत्या. कारखान्यातून किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी निघाल्या होत्या. दुपारचे तीन, म्हणजे तिन्हीसांजच, वर धुकं. खडकापलीकडून खळखळ आली. फान्ने किंचाळत सुटली ती घरी जाऊन थांबली, वाटेत चष्मा पडला तरी मागे वळली नाही. तेव्हा अकरा शेतघरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. एकाची घंटा वाजली की बाकीचे दहा हलक्या हातानं फोन उचलून श्वास रोखून ऐकायचे. फान्नेनं मावशीला फोन लावला आणि जेवणं व्हायच्या आत सगळ्या खाडीला लाल्ली ठाऊक झाला.

"आणि साल्वर? ती पण होती ना तुझ्याबरोबर?" मावशीनं विचारलं होतं.

"होती. पण तिला काही दिसलं नाही," फान्ने म्हणाली होती.

साल्वरनं हे स्वतःच्या स्वयंपाकघरात, फोन कानाला लावून, श्वास रोखून ऐकलं होतं.

तिथून जे पोटात दुखायला लागलं, ते पंचावन्न वर्षं थांबलं नाही. फान्नेला चर्चच्या गायनात पुढची जागा. फान्नेला ट्रॉलरवरचा इंजिनिअर हाल्फदान, ज्याच्याकडे साल्वर दोन उन्हाळे नुसतीच बघत राहिली होती. फान्नेच्या खिडकीतली फुलझाडं जानेवारीतसुद्धा फुलायची, मेली. साल्वरनं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "किडे निवडून निवडून सवय लागली. प्रत्येकात एक दिसतोच."

मग कारखाना बंद पडला आणि मासे खारवायच्या जुन्या गोदामात संग्रहालय निघालं. आख्यायिकांमधल्या आणि अजून न सापडलेल्या प्राण्यांचं. रेकयाविकहून परत आलेल्या एबेनेसरनं ते काढलं. चाळिशीचा माणूस, पण प्राण्यांबद्दल बोलायला लागला की दहा वर्षांचा. दारावर त्यानं पाटी लावली होती: "इथे मांडलेलं खरं आहे असं आम्ही म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही."

दारातच साल्वरचं टेबल होतं. ती क्लाइनूर तळून विकायची, म्हणजे पिठाला पीळ देऊन तुपकट तळलेले गोड तुकडे, आणि कॉफी. आठ उन्हाळे ती तिथे बसली. तिच्या पाठीशी काळा पडदा होता आणि पडद्याआड संग्रहालय. ती एकदाही आत गेली नाही.

जायची गरजच नव्हती. आत व्हिडिओचा एक पडदा होता, त्याखाली एक बटण, आणि येईल तो ते बटण दाबायचा. मग फान्नेचा आवाज गोदामभर घुमायचा. "मी सतरा वर्षांची होते. धुकं असं होतं, की स्वतःचा हात दिसू नये..." दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. फान्ने कुठे थांबते, कुठे उसासा टाकते, साल्वरला तोंडपाठ होतं. "आत्ता उसासा," ती कढईला सांगायची, आणि आतून उसासा यायचा.

ह्या जूनमध्ये एके सकाळी एबेनेसर टेबलाशी येऊन उभा राहिला. उगाचच साखरेचं भांडं सरळ केलं.

"साल्वर, जरा बोलायचं होतं."

"बोल की. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

"शुक्रवारी जर्मन टीव्हीवाले येतायत."

"येऊ देत. दोन घाणे जास्त काढीन."

"फान्नेला भेटायला येतायत."

साल्वरच्या बोटांतला पीळ सुटला. तिनं तो परत घातला.

"तर मी म्हटलं, दारातच फान्नेचा फोटो लावू. पूर्ण उंचीचा, पुठ्ठ्यावर. म्हणजे आल्या आल्या समोर..."

"दारात माझं टेबल आहे."

"हो ना, तेच म्हणतोय. टेबल जरा मागे घेऊ. तिथे, कोपऱ्यात. उजेड पण छान आहे."

"संडासाच्या दारात?"

"दारात नाही गं. शेजारी."

तेवढ्यात फान्ने आली. हिरवा स्कार्फ, नवी पांढरी चप्पल. तिनं साखरेचा खडा दातांत धरला आणि साल्वरनं न विचारता दिलेली कॉफी त्यातून ओढली.

"कळलं ना तुला? मी सांगितलं ह्याला, अरे म्हातारीचा कसला फोटो लावतोस! पोरं घाबरतील. ऐकतच नाही."

"नाही घाबरायची," साल्वर म्हणाली. "पुठ्ठ्याचा आहे ना. बोलणार नाही."

एबेनेसरला हसू आलं ते त्यानं खोकल्यात घातलं. फान्ने मनापासून हसली. साल्वरला तिचा तोच सर्वांत जास्त राग. टोमणा मारावा तर ती हसायची, जणू तिला भेट दिलीय.

त्या संध्याकाळी साल्वरनं कपाट उघडून वरच्या फळीवरचा चॉकलेटचा पत्र्याचा डबा काढला. बाहेर लख्ख ऊन होतं. पंचावन्न वर्षांत तिनं तो डबा चारपाचदाच उघडला असेल.

कारण त्या दिवशी साल्वर पळाली नव्हती. ती उभी राहिली आणि तिनं पाहिलं. धुक्यातून त्यांचाच मेंढा येत होता. कोल्लुर, बिनशिंगाचा. खाडीत बिनशिंगाचा मेंढा एकच, तिच्या बापाचा, मारिनोचा. शरदात डोंगरावरून सगळी मेंढरं खाली आणतात तेव्हा मारिनोनं बाटली अर्ध्यावर आणली होती आणि कोल्लुरला शोधायला तो परत वर गेलाच नाही. "कड्यावरून पडला, मी स्वतः पाहिला," असं सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगून मोकळा झाला. कोल्लुर मात्र दोन महिने किनाऱ्यावर समुद्री गवत खाऊन जगला होता. पोटाखालच्या लोकरीत शिंपले अडकले, त्यावर बर्फ गोठलं, आणि पावलागणिक खळखळ.

दुसऱ्या दिवशी अकराला उजाडलं तेव्हा बापानं त्याला एका घावात मोकळं केलं आणि दगड बांधून पाण्यात सोडलं. पण आधी कान कापून घेतले. मेलेल्या मेंढराचे कान कापून ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी, ती छापून पुस्तकात नोंदलेली. कान म्हणजे मेंढराचं नाव आणि मालकाचंही. मारिनोची खूण, उजव्याचं टोक छाटलेलं, डाव्याला मागून चीर.

"तोंड उघडायचं नाही," बाप म्हणाला होता. "योस्तेनच्या मेंढ्या ह्याच किनाऱ्यावर होत्या. हा दोन महिने त्यांच्यात फिरला असेल, तर काय झालं असेल ते देव जाणे."

योस्तेन फान्नेचा बाप. मार्चच्या बर्फात, वेळेच्या दोन महिने आधी, त्याच्या गोठ्यात चौदा कोकरं झाली. तीन वाचली. सगळी खाडी म्हणाली, लाल्ली.

साल्वरनं तोंड उघडलं नाही. बाप जिवंत होता तोवर नाही, आणि तो गेल्यावर तीस वर्षं नाही. आमच्याकडे माणूस मेला म्हणून त्याची लाज मरत नाही. पण संडासाशेजारी टेबल लावून घेऊन, पुठ्ठ्याच्या फान्नेकडे बघत क्लाइनूर तळायची? तिनं डब्यातला, कोल्लुरच्या अंगावरचा शिंपले गुंतलेला लोकरीचा पुंजका कागदी पिशवीत घातला. वाळून चामड्यासारखे झालेले दोन कान कोटाच्या खिशात.

गुरुवारी दहाला तिनं टेबलावर फडकं टाकलं आणि पडदा बाजूला केला.

आत अंधार, निळा उजेड, आणि कर्ण्यातून समुद्राचा आवाज, जणू खरा समुद्र वीस पावलांवर नव्हता. भिंतीवर खाडीचा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. एका बरणीत काहीतरी पिवळट. साल्वरनं एका नजरेत ओळखलं की तो लांडगामाशाचा जबडा आहे, उलटा लावलेला. उलट्या खुरांच्या राखाडी घोड्याचं चित्र. समुद्रमाणसाचा म्हणून एक बूट. तिला वाटलं होतं हसू येईल. पण आलं नाही. माणसांनी घाबरून घाबरून जपलेल्या ह्या वस्तू तिच्या कपाटातल्या डब्यासारख्याच दिसत होत्या.

मग फान्नेचा पडदा. तिनं बटण दाबलं. पहिल्यांदाच आवाजाबरोबर चेहरा दिसला. फान्नेनं केस विंचरून मोत्यांची माळ घातली होती.

"तो माझ्याकडे वळला," चेहरा सांगत होता. "शिंगं अशी, मागे वळलेली. जाड. ती शिंगं मी मरेपर्यंत विसरणार नाही."

साल्वर वळली. बाजूच्या चौथऱ्यावर लाल्ली उभा होता. प्लास्टरचा, शिंपले चिकटवलेला, आणि डोक्यावर हातभर लांब शिंगं.

एकेचाळीस वर्षं दिव्याच्या टेबलावर घालवलेल्या बाईच्या तोंडून आपोआप निघालं, "शिंगं? ह्याला शिंगं नव्हती."

"काय म्हणालीस?" मागे एबेनेसर उभा. ती आत आली हेच त्याला नवल, त्यात हे.

"नव्हती म्हटलं. शिंगं."

"तुला कसं माहीत?"

आता म्हणायचं. मेंढा होता. आमचा होता. फान्नेला मेंढा ओळखता आला नाही, आणि तुम्ही तिचा फोटो लावताय. पंचावन्न वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य. ते मात्र आलं असं:

"मी पाहिलाय म्हणून."

आणि तिनं पिशवीतून पुंजका काढून त्याच्या हातावर ठेवला.

एबेनेसरनं खिडकीवरचं कापड सारून तो उजेडात नेला. करडी लोकर, तीत निळेकाळे शिंपले, मधे वाळूचे कण. त्यानं हलवून पाहिला. खळखळ झाली, बारीकशी. त्याचे ओठ उघडेच राहिले.

"साल्वर... अगं हे... कधीचं?"

"त्या दिवसाचं. खडकात मिळालं."

"आणि आठ वर्षं तू बाहेर कढईपाशी बसलीस! हे घरात ठेवून!"

"कुणी विचारलं नाही."

"काचेची पेटी करतो. मध्यभागी. वर दिवा. तुझं नाव मोठ्या अक्षरांत! टेबल कुठेही हलवत नाही. फोटो फान्नेचा एकटीचा कशाला, तुझाही..."

एकेका वाक्याबरोबर साल्वरच्या घशातला "मेंढा" खाली खाली जात होता. चेहरा इतका ऊन झाला की कढईवर वाकलीय असं वाटलं. स्वतःचं नाव. मोठ्या अक्षरांत. मध्यभागी.

"कुणाचा फोटो?" फान्ने काळा पडदा सारून आत आली. उद्याच्या मुलाखतीची तालीम करायला आली होती, तीच माळ घालून.

एबेनेसरनं पुंजका तिच्या नाकाशी नेला. "साल्वरला सापडला! त्याच दिवशी! फान्ने, तू एकटी नव्हतीस पाहणारी!"

फान्नेनं चष्मा कपाळावर सरकवला, पुंजका डोळ्यांपाशी धरला. मग साल्वरकडे पाहिलं. मग साल्वरच्या कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे.

"एबेन, बाळा, तुझी मोठी मोजपट्टी घेऊन ये. पेटी करायची तर माप नको का?"

तो धावतच गेला.

"आणि कान?" फान्नेनं विचारलं. अगदी हळू.

साल्वरचा हात खिशावर गेला. तेवढं उत्तर पुरलं.

"तुला माहीत होतं," साल्वर म्हणाली.

"अगं, शेतावरची पोर मी. मेंढा ओळखता येणार नाही? चष्मा पळताना पडला माझा, बघताना नाकावरच होता."

"मग किंचाळलीस कशाला?"

"आधी खरंच घाबरले. शंभर पावलं गेल्यावर डोकं चाललं, पण तोवर पळतच होते. नंतर फोनवर मावशी विचारायला लागली, कसा होता, कसा होता. म्हटलं, बिनशिंगाचा म्हणाले तर अकरा घरांत कळायला किती वेळ? म्हणून शिंगं लावली. आणि तुला काही दिसलं नाही असं सांगितलं, म्हणजे तुला कुणी विचारणार नाही."

"तुझा बाप?"

"मार्चमधली ती तीन कोकरं वाचली ना, तिन्ही कोल्लुरसारखी बिनशिंगाची. बाप बघतच राहिला. पण तुझा बाप आणि तो एका होडीत चौदा वर्षं वल्हं मारत होते. तो म्हणाला, फान्ने, लाल्ली होता तर लाल्ली."

साल्वर भिंतीला टेकली. तिला वाटलं आता तरी पोटातलं ते दुखणं थांबेल. उलट ते दुप्पट झालं. म्हणजे मी बापासाठी गप्प बसले, तेही एकटी नव्हते. तिथेही ही होती, आणि माझ्या आधी होती. आवाज हिचा, नवरा हिचा, फुलं हिची, आता भलेपणाही हिचाच.

"म्हणजे सगळं आमच्यासाठी केलंस," ती कडवट म्हणाली. "उपकार."

"छे! पहिल्या वर्षी तुमच्यासाठी. पुढे मला आवडायला लागलं. सगळे ऐकतात गं. हाल्फदानसुद्धा आधी लाल्लीच ऐकायला आला होता." तिनं पुंजका परत न देता हातातच फिरवला. "हा मात्र छान आहे. हा माझ्याकडे असायला हवा होता."

फान्नेच्या आवाजातला हा सूर साल्वरनं याआधी कधी ऐकला नव्हता. पण ओळखीचा होता. स्वतःच्या छातीत रोज ऐकलेला.

एबेनेसर मोजपट्टी, वही, पेन घेऊन परतला. "आधी कार्डाचा मजकूर. साल्वर, सांग. खडकात, डिसेंबरात, लोकर. आणि एक राहिलं. तू म्हणालीस शिंगं नव्हती. फान्ने म्हणते होती. उद्या ते कॅमेऱ्यावर विचारणार. मला लिहायलाच हवं. होती की नव्हती?"

फान्नेनं चष्मा नाकावर घेतला आणि वाट पाहिली.

नव्हती, एवढं म्हटलं की पुरे. उद्या ते टीव्हीवर जाईल, गावात चौघं म्हातारे अजून आहेत, ते कॉफी पिताना म्हणतील, बिनशिंगाचा? खाडीत बिनशिंगाचा कुणाकडे होता रे? आणि संध्याकाळपर्यंत मारिनोची बाटली, मारिनोची शपथ, योस्तेनची अकरा मेलेली कोकरं.

"होती," साल्वर म्हणाली.

"पण मघाशी..."

"धुकं होतं ना. मला दिसली नाहीत." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "फान्नेला दिसली. तिला नीट दिसलं."

एबेनेसरनं तसंच्या तसं लिहून घेतलं. उभ्या आयुष्यात एक किडा न सुटलेल्या बाईला त्या वाक्यानं काय झालं, ते फान्नेला कळलं असावं. ती ह्या वेळी हसली नाही.

शुक्रवारी जर्मन आले. पुठ्ठ्याची फान्ने दारात उभी होती, शेजारी साल्वरचं टेबल होतं तिथेच. कॅमेरावाला आत गेला, त्यानं फान्नेचं बोलणं टिपलं, शिंगांसकट. मग काचेच्या पेटीपाशी गेला आणि तिथून हलेचना. शिंपले वरून टिपले, खालून टिपले, दिवा मागे लावून टिपले. फान्ने बाजूला माळ चाचपत उभी होती. दोनदा म्हणाली, "मी अजून एकदा सांगू का?" तिसऱ्यांदा तिनं स्वतःच बटण दाबलं.

साल्वर दारातल्या काळ्या पडद्याशी उभी राहून बघत होती. त्या दिवशी तिचा एक अख्खा घाणा करपला.

सोमवारी उघडायच्या वेळी फान्ने दारात हजर. हातात रुमाल, रुमालात जुना चष्मा, एक काच तडकलेली, काडी वाकलेली.

"एबेन, हा तोच. बापाला बर्फ वितळल्यावर मिळाला होता. हाही काचेत ठेव. मी म्हणते, मध्यभागी ठेव. लोकर काय, मेंढरांच्या अंगावर उगवते. बघणारे डोळे महत्त्वाचे."

"ठेव की," साल्वर कढईपाशी म्हणाली. "लोकरीच्या खाली जागा आहे."

"वर नाही?"

"वर दिवा आहे."

फान्नेनं साखरेचा खडा दातांत धरला, पण कॉफी ओढली नाही. ती साल्वरच्या कोटाकडे बघत होती. कोट खुंटीवर होता, उजवा खिसा दोन कानांनी अजून थोडा फुगलेला.

"त्यांचं काय करणार आहेस?"

साल्वरनं हात पुसले, खुंटीशी गेली आणि खिशाचं बटण लावलं.

"गरम आहे तोवर खा," ती म्हणाली, आणि तिच्यापुढे पहिला पीळ सरकवला.